हौसेला मोल नसतं, वजन असतं

कॅनडातल्या मराठी माणसाचा उन्हाळा फेब्रुवारीत सुरू होतो. दाराशी गुडघाभर बर्फ, गाडी अजून उकरायची बाकी, आणि मिसिसागातल्या एखाद्या दिवाणखान्यात पहाटे पावणेसातला चौघेजण चार लॅपटॉप उघडून, चहा गार होऊ देत बसलेले असतात. जुलैत एका तळ्याकाठी तंबू ठोकायची परवानगी काढायची असते. ऑन्टारियोतल्या प्रांतिक उद्यानांचं आरक्षण पाच महिने आधी सकाळी सातला उघडतं, आणि सुट्टीच्या आठवड्यातली चांगली तळी बघता बघता संपतात. तत्काळचं तिकीट काढून ज्यांची बोटं तयार झाली आहेत, त्यांच्यापुढे इथल्या मंडळींचा निभाव लागत नाही.

जायचं असतं अल्गॉन्क्विनला. टोरोंटोहून उत्तरेला गाडीने तीनेक तास. 1893 साली राखून ठेवलेलं हे रान जवळजवळ अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याएवढं आहे आणि त्यात 2,400 हून जास्त तळी आहेत. दक्षिणेच्या बाजूने हायवे 60 हा एक रस्ता आरपार जातो. बाकी जे पसरलं आहे तिथे शिरायचं तर वाट पाण्याची आणि वाहन कनू. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, दोघांनी वल्हवायची होडी. इथले मूळ रहिवासी ती बर्च झाडाच्या सालीची करत. आता भाड्याने मिळते ती केव्हलरची, वीसेक किलोची. होडी इतकी हलकी कशाला करायची, हा प्रश्न पहिलं तळं संपेपर्यंतच पडतो. तिथे काठावर एक पिवळी पाटी असते आणि तिच्यावर मीटरमध्ये एक आकडा. इथवर होडीने तुम्हाला आणलं. इथून पुढच्या तळ्यापर्यंत तुम्ही होडीला न्यायचं, डोक्यावर पालथी घालून. होडीतलं सगळं सामानही न्यायचं. याला पोर्टेज म्हणतात.

हौसेला मोल नसतं, ही म्हण ज्याने काढली त्याने पोर्टेज केलेलं नव्हतं. मोल नसेल एक वेळ, वजन असतं. शहरात ते जाणवत नाही, कारण तिथे आपली हौस गाडीची डिकी उचलते, लिफ्ट उचलते, क्रेडिट कार्ड उचलतं. अल्गॉन्क्विनमध्ये ती थेट मानेवर येते, आणि कुणाची हौस किती किलोची हे चारचौघांत उघड होतं.

एका जागी जास्तीत जास्त नऊ माणसं, असा उद्यानाचा नियम आहे. मराठी गटासाठी नऊ हा आकडा फार वाईट. समिती व्हायला पुरेसा आणि एकमत व्हायला जास्त.

आमच्या नवांत एक शीटवाला आहे. त्याच्या एक्सेल शीटमध्ये वस्तूचं नाव, कोण आणणार, कोण उचलणार आणि ग्रॅम असे रकाने असतात. तो स्वयंपाकघरातला तराजू घेऊन मोजे तोलतो. टूथब्रशची दांडी त्याने अर्धी कापली आहे, त्यामुळे दात घासताना त्याची बोटंही घासली जातात. एक सह्याद्रीवाला आहे. तारुण्यात त्याने हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केला होता, तेव्हापासून जगातल्या कुठल्याही चढाला तो "हे काय?" म्हणतो. एक आरामवादी आहे. निसर्गात पाठीला टेका असलाच पाहिजे असं त्याचं मत असल्याने तो घडीच्या खुर्च्या आणतो. पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं आहे, ज्यांना पोहता येत नाही आणि हे त्यांना आम्ही जिथून निघतो त्या स्मोक लेकच्या धक्क्यावर आठवतं. मी एक दिवाळी अंक नेतो. नोव्हेंबरपासून वाचायचा राहिलेला असतो. आणि आमच्या अन्नमंत्री वहिनी प्रेशर कुकर आणतात.

कुकरवर दर वर्षी चर्चा होते.

"वहिनी, कुकर अडीच किलोचा आहे."

"आणि कुकर नसला तर डाळ शिजायला गॅसचे किती डबे लागतील? घाल शीटमध्ये."

शीटवाला घालतो. कुकर जिंकतो. स्वतःचंच हत्यार स्वतःवर चाललेलं बघून तो जरा वेळ गप्प बसतो आणि मग खुर्च्यांकडे वळतो.

उद्यानाचा आणखी एक नियम असा की आतल्या रानात डबाबंद खाणं आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. इतरांना हा नियम बियरची आठवण करून देतो. आमच्यात तो लोणच्यावर येऊन आदळतो. काचेच्या बरणीतलं आंब्याचं लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात भरायचं, त्या डब्याला पिशवी, त्या पिशवीला दुसरी पिशवी, आणि एवढं करून तेल शीटवाल्याच्या मोज्यांपर्यंत पोहोचतंच. बाकी खाण्याची आम्हाला फिकीर नसते. इथल्या गिर्यारोहणाच्या दुकानांत पाणी काढून सुकवलेलं जेवण पाकिटात घालून भलत्या किमतीला विकतात. उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, खा. ज्यांच्या घरात पोहे, भडंग, सातूचं पीठ आणि मेतकूट पिढ्यान्‌पिढ्या नांदतंय, त्यांना ही युक्ती कुणी शिकवायची? सुका जवळा मात्र मतदानात पडतो. अस्वलाचं नाक फार तिखट असतं, आणि जवळ्याचा वास कळायला तेवढं तिखट नाक लागतही नाही.

धक्क्यावर होड्या मिळतात, प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळतं, आणि प्रत्येक होडीला शिट्टी, पंधरा मीटरची तरंगणारी दोरी आणि पाणी उपसायचं भांडं. हे सगळं कायद्याने सक्तीचं आहे. नवीन माणसाला पाणी उपसायचं भांडं दाखवलं की त्याचा चेहरा उतरतो. नेमक्या त्याच वेळी सह्याद्रीवाल्याला टॉम थॉमसनची गोष्ट सांगायची असते. रस्त्याच्या पलीकडे कनू लेक नावाचंच तळं आहे. या तळ्यांची आणि पाइन झाडांची चित्रं काढून ज्याने कॅनडाला स्वतःचं रान दाखवलं, तो हा चित्रकार 1917 च्या जुलैत त्या तळ्यावर एकटा कनू घेऊन निघाला. कनू रिकामी सापडली. तो आठ दिवसांनी. वय 39. घात की अपघात, यावर कॅनडा अजून वाद घालतो.

"पण त्याला वल्हवता येत होतं ना?" पुण्याचा नवरा विचारतो.

"तरबेज होता," सह्याद्रीवाला समाधानाने सांगतो.

नवऱ्याने त्यानंतर लाइफ जॅकेट काढलं नाही. तंबूतही नाही.

नऊ माणसं आणि चार होड्या म्हटल्यावर एक जण मध्ये बसणार. मधल्या जागेला वल्हं नसतं, जबाबदारी नसते. असतं ते फक्त मत. ही जागा आरामवादी स्वतःच्याच खुर्चीची घडी मांडीखाली घेऊन पटकावतो आणि तिथून दोन्ही टोकांना सूचना देतो.

दोघांची कनू ही लग्नाची परीक्षा आहे असं इथले लोकही म्हणतात. पुढच्याने ताकद लावायची आणि पाण्याखालचे खडक बघायचे. मागच्याने होडी वळवायची. म्हणजे होडी भलतीकडे गेली तर काम मागच्याचं बिघडलेलं असतं. पण मागच्याच्या डोळ्यांसमोर सतत पुढच्याची पाठ असल्यामुळे दोष कुठे ठेवायचा हे त्याला ताबडतोब दिसतं. पुढच्याला तर मागे काय चाललंय काहीच दिसत नाही. माणूस वल्हवतोय की फोटो काढतोय, हे विश्वासावर सोडायचं.

"डावीकडे घे."

"कुणाच्या डावीकडे?"

"अगं, दोघांची तोंडं एकाच दिशेला आहेत!"

"तोंडं आहेत. डोकी नाहीत."

होडी एकाच बाजूने वल्हवूनही सरळ जावी म्हणून मागच्याने वल्हं शेवटी बाहेरच्या अंगाला जरासं फिरवून घ्यायचं असतं. या फटक्याला जे-स्ट्रोक म्हणतात आणि तो सगळ्यांनी यूट्यूबवर पाहिलेला असतो. यूट्यूबवरच्या तळ्यात वारा नसतो. स्मोक लेक लांबलचक आहे आणि त्याच्यावरून वारा मोकळा सुटतो, त्यामुळे आमच्या होड्या तळ्याच्या दक्षिण टोकाला पोहोचताना पूर्व आणि पश्चिम हे दोन्ही काठ बघून घेतात. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. सगळं भांडण मराठीत चाललंय, इथे कुणाला कळतंय, असा दिलासा प्रत्येक जोडप्याला असतो. एकदा शेजारून एक लाल कनू शांतपणे पुढे गेली. तिच्यातल्या टोपीवाल्या गृहस्थांनी मान किंचित वळवून म्हटलं, "काकू, मागच्यांना म्हणावं वल्हं उभं धरा. वळेल." त्यानंतर आमच्या चारही होड्या बराच वेळ विलक्षण शिस्तीत चालल्या.

मग येतो पिवळ्या पाटीचा काठ. स्मोक लेकवरून रॅगेड लेककडे जाताना 240 मीटर. त्यात कुणी फारसं काही बोलत नाही. रॅगेडवरून बिग पॉर्क्युपाइन लेककडे जाताना 590 मीटर, आणि त्याची सुरुवातच अशी उभी की या वाटेला सैतानाचा जिना असं नाव पडलं आहे. पोर्टेजचं गणित शाळेत शिकवत नाहीत, पण शिकवायला हवं. सामान एका खेपेत गेलं तर 590 मीटर चालायचं. दोन खेपा झाल्या तर नेताना भरल्या पाठीने, परतताना रिकाम्या आणि पुन्हा भरल्या, म्हणजे 1,770 मीटर. तीन खेपांना 2,950. एक वस्तू जास्त झाल्याने खेप वाढली की चालणं एकदम बाराशे मीटरने वाढतं. ती शेवटची वस्तू म्हणजे बहुतेक वेळा खुर्ची असते.

अशा वाटांवर आमच्याआधी ज्यांनी घाम गाळला ते अर्थातच वेगळ्या मापाचे लोक. अठराव्या शतकात मॉन्ट्रियलहून पश्चिमेकडे फरच्या व्यापारासाठी कनू वल्हवत जाणारे व्हॉयाजर नव्वद-नव्वद पौंडांची दोन गाठोडी, म्हणजे ऐंशी किलोंहून जास्त ओझं, कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर घेऊन पोर्टेज करत. सुपीरियर सरोवराकाठचं त्यांचं ग्रँड पोर्टेज साडेतेरा किलोमीटरांचं. त्यांच्यातल्या पुष्कळांना पोहता येत नसे, हे ऐकून पुण्याच्या जोडप्याला एकदम त्यांच्याविषयी आपुलकी वाटू लागली. वल्हवताना ते मधूनमधून थांबून चिलीम ओढत आणि अंतर चिलमींत मोजत. अमुक तळं चार चिलमी लांब. आमच्याकडे हे काम चहा करतो.

एवढं सगळं कशासाठी, तर बीव्हरच्या कातड्यांसाठी. त्यांच्या लोकरीपासून युरोपात उंच टोप्या होत, आणि टोपीशिवाय प्रतिष्ठित माणूस घराबाहेर पडत नसे. म्हणजे लंडनमधल्या कुणा साहेबाला टोपीची हौस, आणि तिचं वजन इकडे रानातल्या एका गड्याच्या मानेवर. त्या टोपीचं मोल साहेबाने चुकतं केलं असेल. मानेचा हिशेब कुणी मागितला नाही.

आमच्यात आणि त्या साहेबात फरक एवढाच, की इथे हौस करणारा आणि वाहणारा एकच असतो. निदान तसं ठरलेलं असतं. प्रत्यक्षात पहिल्या शंभर मीटरांत वस्तूंची मालकी बदलू लागते. "जरा हे धर" या तीन शब्दांवर किती किलो इकडून तिकडे जातात त्याची शीटमध्ये नोंद नाही. आरामवादी चढाच्या पायथ्याशी गुडघ्याला हात लावून उभा राहतो आणि खुर्च्या सह्याद्रीवाल्याच्या पाठीवर जातात, कारण "हे काय?" म्हणणाऱ्याला नकार देता येत नाही. पुण्याची बायको कुणाला न सांगता आख्खी कनू खांद्यावर पालथी घालून पुढे निघून गेलेली असते. झाडीतून फक्त चालणारी होडी आणि तिच्याखालचे दोन पाय दिसतात. मागून नवरा लाइफ जॅकेट घालून, हातात दोन वल्ही घेऊन येतो आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "ती होडी आमची आहे."

आरक्षण तळ्याचं असतं, जागेचं नाही. तळ्याकाठी नारिंगी पाट्या लावलेल्या जागा असतात. जो आधी पोहोचेल त्याची जागा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून वाढलेल्या पिढीला हा नियम समजावावा लागत नाही. पोर्टेज संपताच सगळ्यात हलकी होडी आणि सगळ्यात दणकट दोघं पुढे पाठवली जातात, आणि बाकीचे पोहोचेपर्यंत तळ्यातल्या सगळ्यात चांगल्या जागी, खडकावर, एक टॉवेल वाळत असतो. टॉवेल कोरडा असतो.

तंबू लागले की अन्न झाडाला टांगायचं. जमिनीपासून चार मीटर वर, खोडापासून दोन मीटर दूर, म्हणजे काळं अस्वल खालूनही पोहोचू नये आणि झाडावर चढूनही. अन्नच नव्हे, टूथपेस्ट, साबण, वास येणारं सगळं. आता दोरीला दगड बांधून तो फांदीवरून पलीकडे टाकायचा एवढंच काम. आमच्यात पाच इंजिनिअर आहेत, त्यामुळे याला सूर्यास्त होतो. दगड फांदीला गुंडाळतो, दोरीतून सुटतो, एकदा तर तळ्यात जातो. दहीहंडी फोडायचा अनुभव दोघांना आहे. ती कुणी फोडू नये अशी बांधायचा कुणालाच नाही. हिंगाच्या डबीवर स्वतंत्र परिसंवाद होतो.

"हिंगाने अस्वल पळतं."

"कशावरून?"

"आमच्या कॉन्डोतली शेजारीण पळाली होती."

शेवटी डबी तिसऱ्या पिशवीत जाते आणि पिशवी वर. टॉर्चच्या उजेडात ती हलताना सगळे मान वर करून बघतात आणि मग लक्षात येतं की चहापावडरही तिच्यातच आहे.

रानात आत थोड्या अंतरावर एक लाकडी पेटी असते. झाकण उघडायचं आणि बसायचं. भिंती नाहीत, छप्पर नाही, समोर पाइनची झाडं आणि डासांचं अखंड कीर्तन. ज्या आजोबांनी परसातला संडास घरात आणायला ग्रामपंचायतीत खेटे घातले, त्यांचा नातू डॉलर मोजून तो पुन्हा रानात सोडून येतो आणि परतल्यावर सगळ्यांना सांगतो की काय शांतता होती!

रात्री लून पक्षी ओरडतो. या पक्ष्याचं चित्र 1987 पासून कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे, पण नाण्यातून त्याचा आवाज येत नाही हे सरकारने फार बरं केलं आहे. काळोखात तळ्याच्या पलीकडून आधी एक लांब, चढत जाणारी हाक येते, मग तिला उत्तर, आणि मग कुणीतरी वेड्यासारखं हसतं. सवय असलेले लोक याला उत्तरेच्या रानाचं संगीत म्हणतात. पुण्याच्या तंबूची चेन आतून वरपर्यंत ओढली जाते.

पण त्याआधी जेवण झालेलं असतं, आणि या सगळ्या प्रकाराचा खरा निकाल तिथे लागतो. दिवसभर ज्या कुकरला सगळ्यांनी शिव्या घातल्या, तोच चार शिट्ट्या करतो. त्या आवाजाने तळ्यावरचे लून काही वेळ गप्प बसतात. मुगाची खिचडी, वरून लसणाची फोडणी, प्लॅस्टिकमधलं लोणचं. कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. खुर्च्यांना नावं ठेवणारे पाळीपाळीने खुर्चीत बसून जेवतात. सह्याद्रीवाला सगळ्यात आधी, कारण वाहिल्या त्याने होत्या. माझा दिवाळी अंकही वाया जात नाही. विस्तव पेटेना म्हणून त्याची जाहिरातींची पानं कामी येतात, आणि वर कुणी म्हणतं, "पुढच्या वेळी दोन आण." शीटवाला दुसऱ्यांदा खिचडी वाढून घेतो आणि खाली मान घालून म्हणतो, "अडीच किलो तसे फार नाहीत."

इथेच घोटाळा आहे. सैतानाच्या जिन्यावर ज्या वस्तू ओझं असतात, त्याच रात्री जेवताना ऐश्वर्य होतात. चढताना माणूस संन्यासी असतो आणि उतरल्यावर पक्का संसारी, आणि पुढच्या वर्षीची यादी चढावर कुणी करत नाही, जेवून करतात. त्यातून परतीच्या वाटेवर पोटात गेलेल्या खिचडीइतकं सामान हलकं झालेलं असतं, त्यामुळे तीन खेपांच्या दोन होतात, आणि आपण आता तयार झालो असा एक खोटा आत्मविश्वास हंट्सव्हिल गावातल्या पहिल्या कॉफीबरोबर सगळ्यांच्या अंगात शिरतो.

यंदाच्या फेब्रुवारीत बैठक भरली तेव्हा शीटवाल्याने ठराव मांडला: या वर्षी हलकं जायचं, सगळं एका खेपेत. ठराव एकमताने मंजूर झाला, टाळ्याही झाल्या. मग वहिनींनी विचारलं, कुकर धरून ना? कुकर धरूनच, यावरही एकमत झालं. आरामवाद्याने फक्त खुर्च्यांपुरती सूट मागितली. सह्याद्रीवाल्याला लोखंडी तवा हवा होता, फक्त तवा. पुण्याच्या जोडप्याने पोहण्याच्या शिकवणीला नाव घातलं आहे. तरी जादा लाइफ जॅकेट एक असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी दोन दिवाळी अंक सुचवले. शीटवाल्याने मुकाट्याने नवाही सुटी ग्रॅमच्या रकान्यात भरल्या. नववी सूट त्याचीच होती. त्याला रानात नेता येईल असा घडीचा तराजू मिळाला आहे.